ड्रॉपर पोस्टची तुटलेली वायर बदलताना

माउंटन बाइकवर हँडलाजवळचा लीव्हर अंगठ्याने दाबून बसल्या बसल्या सीट खाली नेता येते आणि भार काढून पुन्हा दाबल्यावर ती आपोआप वर येते, अशा सीटच्या दांडीला ड्रॉपर पोस्ट म्हणतात. ठाण्याजवळच्या येऊरचा चढ चढताना सीट उंच असेल तरच पायांना जोर मिळतो. दगडगोट्यांच्या वाटेने उतरताना मात्र तीच उंच सीट पोटाला टोचते आणि तोल पुढे ढकलते. यातली दांडी सहसा वर्षानुवर्षे टिकते. बिघडते ती लीव्हर आणि दांडी यांना जोडणारी वायर, आणि ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ती जरा लवकरच बिघडते.

वायर तुटली की बहुतेक जण आतली बारीक तार, म्हणजे इनर, बदलून मोकळे होतात. पुढच्या पावसाळ्यात तीच तार पुन्हा जड होते आणि दोष पोस्टला दिला जातो. माझे ठाम मत असे आहे की या कामाचे यश इनरपेक्षा तिच्या बाहेरच्या आवरणावर, म्हणजे आउटरवर, जास्त अवलंबून असते. आउटर आतून स्वच्छ आहे का, तिची लांबी बेताची आहे का आणि तिची दोन्ही टोके आपापल्या जागी घट्ट टेकली आहेत का, या तीन गोष्टी जमल्या की बाकीचे काम अर्ध्या दुपारात होते.

हे मार्गदर्शन फ्रेमच्या आतून वायर जाणाऱ्या, वायरवर चालणाऱ्या पोस्टसाठी आहे. रॉकशॉक्सच्या रिव्हर्ब मालिकेतील जुन्या पोस्टमध्ये वायरऐवजी तेलाची नळी असते, तर २०१९ मध्ये आलेल्या एएक्सएस प्रकारात वायरच नसते. त्या दोन्हींची दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे.

दोष नेमका कुठे आहे ते आधी ठरवावे

पोस्टच्या तळाशी एक छोटी कळ असते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. लीव्हर दाबला की इनर ही कळ ओढते, पोस्टच्या आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि सीट हलू शकते. लीव्हर सोडला की स्प्रिंगच्या जोराने कळ मागे येते आणि व्हॉल्व्ह बंद होतो. म्हणूनच इनर तुटल्यावर सीट ज्या उंचीवर असेल तिथेच अडकून राहते. लीव्हर एकदम पोकळ लागत असेल आणि दाबल्यावर हाताला काहीच विरोध जाणवत नसेल, तर इनर तुटली आहे किंवा तिचे टोक पकडीतून निसटले आहे असे समजावे. लीव्हर जड झाला असेल, दाबल्यावर सावकाश मागे येत असेल आणि सीटही आळसावलेली वाटत असेल, तर इनर अजून अखंड आहे पण आउटरच्या आत गंज किंवा चिखल साचला आहे. ही दुसरी अवस्था बहुधा पहिलीच्या आधी येते. ती वेळीच ओळखली तर रानात अडकण्याची वेळ येत नाही.

वाटेतच इनर तुटून सीट खालीच अडकली, तर सीट क्लॅम्प, म्हणजे पोस्टला फ्रेममध्ये आवळून धरणारे कडे, सैल करून संपूर्ण पोस्टच फ्रेममधून वर उचलून पुन्हा आवळता येते, आणि मग बसून पेडल मारत घरी पोहोचता येते. असे करताना दोन बंधने पाळावीत. पोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, आणि पोस्ट वर घेताना हँडलाजवळून आउटर हाताने आत सरकवत राहावी, नाहीतर तळाच्या कळीवर ताण येऊन एका दुरुस्तीच्या दोन होतात. सीट खाली दबलेली असताना सायकल सीटला धरून उचलणेही टाळावे, कारण अनेक पोस्टमध्ये अशा ओढीने तेलाच्या भागात हवा शिरते.

वायर का तुटते

गिअरच्या इनरमध्ये साधारणपणे १९ बारीक तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. लीव्हरमधील स्क्रू जिथे इनरला दाबून धरतो, किंवा जिथे इनर लीव्हरच्या आत वळते, तिथे प्रत्येक वेळी त्याच बिंदूवर वाक पडतो. आधी एक तार तुटते, तिचे टोक बाहेर येऊन अंगठ्याला बोचते, आणि उरलेल्या तारांवरचा भार वाढल्याने पुढच्या तारा भराभर जातात. बोटाला टोचणारी ती एक तार हीच पूर्वसूचना असते. ती कापून टाकून सायकल चालवत राहणे म्हणजे तुटण्याची वाट पाहणे आहे.

दुसरे कारण पाण्याचे आहे आणि ते आपल्या भागात जास्त महत्त्वाचे आहे. ड्रॉपरची वायर हँडलापासून निघून फ्रेमच्या डाउन ट्यूबमधून, म्हणजे हँडलाकडून खाली येणाऱ्या तिरप्या नळीतून, बॉटम ब्रॅकेटपर्यंत, म्हणजे पेडलांचा अक्ष बसतो त्या भागापर्यंत, येते आणि तिथून वळून सीट ट्यूबमध्ये, म्हणजे पोस्ट जिच्यात बसते त्या नळीत, वर चढते. म्हणजे तिचा सर्वांत खालचा बिंदू पेडलांच्या अक्षाजवळ असतो. लीव्हरजवळच्या टोकातून आत शिरलेले पाणी आउटरच्या आतून घरंगळत या खालच्या वळणापर्यंत येते आणि पुढे चढ असल्याने तिथेच थांबते. फ्रेमला खाली भोक असले तरी त्यातून फ्रेममधले पाणी निघते, आउटरच्या आतले निघत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठाण्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, खाडीमुळे हवा एरवीही दमट असते, आणि चिखलातून आल्यावर सायकल पाइपच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याची सवय बहुतेकांना असते. तीनही गोष्टी त्या एका वळणाला पाणी पाजतात. अशी जुनी आउटर काढून तिचे तोंड पांढऱ्या फडक्यावर झटकले तर चहाच्या रंगाचे पाणी आणि गंजाची बारीक पूड पडते. हा डाग दिसला की इनरसोबत आउटरही बदलायची, यात दुसरा विचार करू नये.

सामान आणताना

इनर गिअरचीच हवी, ब्रेकची नव्हे. गिअरची इनर १.१ किंवा १.२ मि.मी. जाडीची असते आणि तिच्या टोकाची गुंडी लहान असते. ब्रेकची इनर सुमारे दीड मि.मी. जाड असते आणि तिची मोठी गुंडी ड्रॉपरच्या खाचेत बसतच नाही. दुकानात नुसते गिअर वायर म्हटले तर पुष्कळदा साध्या सायकलीची गॅल्व्हनाइज्ड वायर पुढे येते, म्हणून स्टेनलेस हवी असे स्पष्ट सांगावे. किमतीतला फरक फार नसतो आणि एका पावसाळ्यातच तो वसूल होतो. मागच्या गिअरसाठी मिळणारी सुमारे दोन मीटरची इनर ड्रॉपरला पुरते.

आउटरही गिअरची, ४ मि.मी. जाडीची घ्यावी. गिअरच्या आउटरमध्ये पोलादी तारा लांबीला समांतर असतात, त्यामुळे दाब आल्यावर ती आखडत नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाबाखाली किंचित दबते आणि लीव्हर स्पंजासारखा लागतो. याच्या उलट, गिअरची आउटर ब्रेकला कधीही लावू नये, कारण ब्रेकच्या ताणाखाली ती फुटू शकते. उरलेला तुकडा घरात पडून असतो म्हणून हे इथेच सांगून ठेवतो.

याशिवाय आउटरच्या टोकांना बसवायच्या टोप्या लागतील, आणि त्यातही रबरी कडीच्या, पाणी अडवणाऱ्या टोप्या मिळाल्या तर उत्तम. इनरच्या टोकासाठी ॲल्युमिनियमची छोटी टोपी, अ‍ॅलन कीचा संच, बारीक कानस, एक दाभण, चिकटपट्टी आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) एवढ्यात काम भागते. एका हत्यारावर मात्र पैसे खर्च करावेत, ते म्हणजे सायकलसाठीचा वायर कटर. साध्या पकडीने इनर कापली तर तिच्या तारा चपट्या होऊन विसकटतात आणि मग ती आउटरमध्ये शिरत नाही, आणि आउटर कापली तर तिचे तोंड दबून बंद होते.

जागा आणि तयारी

फ्लॅटमध्ये सायकलचा स्टँड क्वचितच असतो. सायकल सीट आणि हँडलावर उलटी ठेवण्याची जी सर्रास पद्धत आहे ती इथे उपयोगाची नाही, कारण सीटची दांडीच बाहेर काढायची आहे. गॅलरीच्या मजबूत ग्रिलला किंवा सोसायटीच्या पार्किंगमधल्या एखाद्या खांबाला जाड दोरीने हेड ट्यूब, म्हणजे हँडलाखालची फ्रेमची आखूड नळी, बांधून सायकल दोन्ही चाकांवर उभी ठेवावी, एवढे पुरेसे आहे. खाली जुनी चादर अंथरावी, कारण आउटरचे छोटे तुकडे आणि टोप्या हमखास घरंगळतात.

काम सुरू करण्यापूर्वी पोस्ट फ्रेममध्ये जितकी आत आहे त्या जागी चिकटपट्टीची पट्टी गुंडाळून खूण करावी. लीव्हरचा आणि हँडलाजवळच्या वायरींच्या वळणांचा जवळून एक फोटो घ्यावा. कोणती वायर कुणाच्या पुढून आणि कुणाच्या मागून गेली होती हे नंतर आठवत नाही, आणि चुकीच्या क्रमाने बसवलेल्या वायरी हँडल वळवताना एकमेकींत अडकतात.

पोस्ट बाहेर काढणे

आधी लीव्हरकडील इनरच्या टोकाची टोपी काढावी आणि इनर पकडणारा स्क्रू सैल करावा. तो बहुधा बारीक अ‍ॅलन कीचा असतो आणि त्याचे डोके सहज गुळगुळीत होते, म्हणून की पूर्ण आत बसल्याची खात्री करूनच जोर लावावा. ज्या सायकलींमध्ये आउटर फ्रेममध्ये शिरते त्या तोंडाशी रबरी बूच किंवा स्क्रूने आवळलेली पट्टी असते तिथे तीही मोकळी करावी. ही पट्टी विसरली तर पोस्ट अर्ध्यावर येऊन अडते आणि माणूस कारण नसताना जोर लावत बसतो.

त्यानंतर सीट क्लॅम्प सैल करून एका हाताने पोस्ट वर घ्यावी आणि दुसऱ्या हाताने हँडलाकडून आउटर फ्रेममध्ये ढकलत राहावे. दोन्ही हातांचा वेग जुळला पाहिजे. पोस्ट पूर्ण बाहेर आली की ती उलटी धरून तळाची कळ पाहावी. इनरची गुंडी कळीच्या खाचेत बसवलेली असेल तर ती बाजूला सरकवून काढता येते. कळीत इनर स्क्रूने पकडलेली असेल तर तो स्क्रू सैल करावा. पोस्टचा चकचकीत आतला दांडा कधीही पकडीत किंवा शिकंजात धरू नये. त्यावर पडलेला एक बारीक ओरखडासुद्धा आतली सील फाडतो आणि मग खरा मोठा खर्च येतो.

आता एक परीक्षा करावी, आणि ती टाळू नये. पोस्ट हातात असताना तळाची कळ बोटाने दाबून सीट खाली ढकलावी, मग कळ पुन्हा दाबून ती वर येते का ते पाहावे. कळ दाबल्यावर पोस्ट नीट चालत असेल आणि सोडल्यावर कळ स्वतःहून पूर्ण मागे येत असेल, तर पोस्ट निर्दोष आहे आणि दोष वायरमध्येच आहे. कळ चिखलाने जाम असेल तर जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने साफ करून, कोरडी करून, सांध्यावर हलक्या तेलाचा एक थेंब सोडावा. इतके करूनही पोस्ट हलत नसेल किंवा सोडल्यावर सीट आपोआप खचत असेल, तर काम पोस्टच्या कार्ट्रिजचे, म्हणजे सीट वर-खाली करणाऱ्या आतल्या भागाचे, आहे. मग वायर कितीही नवी घातली तरी उपयोग नाही, पोस्ट चांगल्या मेकॅनिककडेच न्यावी.

आउटर बदलणे

या टप्प्यावर सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुनी आउटर सरळ ओढून बाहेर काढणे. फ्रेममध्ये आतून नळी बसवलेली असेल तर काही बिघडत नाही, पण बहुतेक ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये अशी नळी नसते, आणि मोकळ्या फ्रेममधून नवी आउटर बॉटम ब्रॅकेटच्या वळणातून वर चढवणे हे तासन् तास खाणारे काम आहे. म्हणून जुन्या आउटरलाच वाटाड्या करावे. जुन्या इनरचा साधारण वीतभर तुकडा कापून त्याचे एक टोक हँडलाकडील जुन्या आउटरमध्ये आणि दुसरे नव्या आउटरमध्ये घालावे, दोन्ही तोंडे एकमेकांना टेकवावीत आणि त्या सांध्यावर चिकटपट्टी ताणून एकच थर गुंडाळावा. पट्टी जाड झाली तर सांधा फ्रेमच्या तोंडातच अडकतो. मग सीट ट्यूबकडून जुनी आउटर हळूहळू ओढत जावी आणि हँडलाकडून नवी तितकीच आत ढकलत जावी. खालच्या वळणाशी सांधा अडतोच. तिथे जोर न लावता थोडे मागे घेऊन, आउटर बोटांत पीळ देत फिरवून पुन्हा पुढे न्यावी. बॉटम ब्रॅकेटखाली झाकण असलेल्या फ्रेममध्ये ते काढून तिथून बोटाने सांधा वळवता येतो. फ्रेमच्या आत आउटरवर फोमची मऊ नळी चढवलेली असेल तर ती नव्या आउटरवरही चढवावी, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला फ्रेममधून खडखड ऐकू येते.

जुनी आउटर आधीच निघून गेली असेल, तर जुन्या गॅल्व्हनाइज्ड इनरचे गुंडीचे टोक सीट ट्यूबमधून खाली सोडावे आणि फ्रेमच्या बाहेरून चुंबक फिरवत तिला वळणातून डाउन ट्यूबमध्ये वर आणावे. स्टेनलेसपेक्षा गॅल्व्हनाइज्ड इनरला चुंबक घट्ट धरतो. फ्रेम पोलादी असेल तर मात्र चुंबक फ्रेमलाच चिकटतो आणि हा उपाय चालत नाही. एकदा इनर आरपार आली की तिच्यावरून नवी आउटर सरकवत नेता येते.

आउटर कापताना घाई करू नये. कटरने कापल्यावर तोंडाकडे नीट पाहिले तर प्लास्टिकच्या सालीखाली पोलादी तारांचे कडे आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या प्लास्टिकची बारीक नळी दिसते. कापताना ही नळी चेपून डोळ्याच्या फटीसारखी होते. तारांचे तोंड कानशीने सपाट करावे, मग दाभणाचे टोक नळीत घालून गोल फिरवत ती पूर्ण गोल होईपर्यंत उघडावी, आणि मगच टोपी चढवावी. तोंड तिरपे राहिले तर टोपी तिरपी बसते, आणि हळूहळू सरळ होत गेल्यावर ताण सैल पडत राहतो. ज्यांची वायर दर आठवड्याला सैल होते त्यांनी सर्वप्रथम हे तोंड तपासावे.

लांबी किती ठेवावी

लांबीबाबत दोन परस्परविरोधी गरजा आहेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर आउटर ताणली जाता कामा नये, आणि पुढे कधी पोस्ट पुन्हा बाहेर काढायची झाली तर तळाची कळ फ्रेमच्या तोंडाबाहेर यावी इतकी सैल असली पाहिजे. उलट, जास्तीची आउटर सीट ट्यूबमध्ये राहिली तर पोस्ट खाली बसताना ती दुमडते, कळीवर दाबते आणि सीट आपोआप खचू लागते. माझा आग्रह असा की जास्तीची लांबी हँडलासमोर मोकळ्या वळणात ठेवावी, सीट ट्यूबमध्ये नव्हे. पोस्ट शेवटच्या जागी बसवून, हँडल दोन्हीकडे वळवून, मगच लीव्हरकडील टोक अंतिम मापाने कापावे. थोडी लांब ठेवलेली आउटर पुन्हा कापता येते. आखूड झालेली मात्र बदलावीच लागते.

इनर ओवणे

पोस्टचे दोन प्रकार आहेत आणि ते इथे वेगळे होतात. पहिल्या प्रकारात इनरची गुंडी पोस्टच्या कळीत बसते आणि मोकळे टोक लीव्हरपाशी स्क्रूने पकडले जाते. हे काम सोपे आहे. इनर सीटकडून ओवून लीव्हरपर्यंत आणावी, गुंडी कळीत बसवावी, आउटरची टोपी पोस्टच्या तळाच्या खाचेत टेकवावी आणि हँडलाकडून ताण धरून ठेवत पोस्ट फ्रेममध्ये उतरवावी. ताण सुटला तर गुंडी खाचेतून निसटते आणि पोस्ट पुन्हा काढावी लागते. संपूर्ण इनर ओवून होईपर्यंत तिचे कारखान्यातून आलेले टोक कापू नये, कारण ते जोडून गुळगुळीत केलेले असते आणि विसकटलेले टोक आउटरमधली प्लास्टिकची नळी खरवडते.

दुसऱ्या प्रकारात गुंडी लीव्हरमध्ये असते आणि मोकळे टोक पोस्टच्या तळाशी एका छोट्या धातूच्या लाटीत स्क्रूने पकडले जाते. इथे आउटर आधीच अंतिम मापाची करून दोन्ही टोके नीट टेकवावी लागतात, कारण लाटी आउटरच्या टोकापासून नेमक्या किती अंतरावर आवळायची हे कंपनीने ठरवून दिलेले असते. ते अंतर त्या पोस्टच्या माहितीपत्रकातूनच घ्यावे, अंदाज करू नये. लाटी दोन मिलिमीटर चुकली तरी लीव्हर एक तर पोकळ राहतो किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. स्क्रू आवळल्यावर उरलेली तार जवळून कापावी, म्हणजे ती सीट ट्यूबमध्ये घासत नाही.

आजच्या आउटरमध्ये प्लास्टिकची नळी असल्याने इनरला ग्रीस फासण्याची गरज नसते. जाड ग्रीस धूळ धरून ठेवते आणि काही महिन्यांत तिचीच लापशी होते. ओवण्यापूर्वी हलक्या तेलाचा हात फिरवलेले फडके इनरवरून ओढले तरी पुरते. अपवाद फक्त लीव्हरकडील टोपीच्या तोंडाचा आहे. तिथे ग्रीसचा एक ठिपका लावला तर पाणी आत शिरायला अडथळा होतो.

ताण लावणे

लीव्हरजवळ बॅरल ॲडजस्टर, म्हणजे ताण कमी-जास्त करणारी फिरकी, असेल तर ती आधी पूर्ण आत फिरवून मग एक-दोन वेढे बाहेर घ्यावी. पुढे दोन्ही दिशांना जागा राहते. इनर बोटांनी ओढून सरळ करावी, पक्कड लावून ताणू नये, आणि स्क्रू लीव्हरवर छापलेल्या मापाइतकाच आवळावा. जास्त आवळल्यास इनर तिथेच चपटी होते आणि पुढच्या वेळी ती नेमकी तिथूनच तुटते.

आता लीव्हर पूर्ण दाबून सात-आठ वेळा जोराने चालवावा. त्याने आउटरची टोके टोप्यांमध्ये आणि टोप्या खाचांमध्ये घट्ट बसतात आणि इनर थोडी सैल पडते. ही सैलता येणारच असते, म्हणून ती घरीच काढून टाकावी आणि इनर पुन्हा ओढून आवळावी. योग्य ताणाची ओळख अशी की लीव्हरला सुरुवातीला एक-दोन मिलिमीटर मोकळी चाल असते आणि त्यानंतर लगेच कळीचा विरोध जाणवतो. सीटवर बसल्यावर ती हळूहळू खचत असेल किंवा वर जाऊन अडकत नसेल, तर ताण जास्त आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. फिरकी अर्धा वेढा आत घ्यावी. लीव्हर शेवटपर्यंत दाबूनही सीट रेंगाळत असेल तर ताण कमी आहे. फिरकी थोडी बाहेर काढावी. सगळे जमल्यावर इनरचे दोन-तीन सेंटिमीटर टोक ठेवून बाकीचे कापावे आणि ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवावी.

सीट क्लॅम्पचा मुद्दा इथेच येतो, कारण त्याचा दोष हमखास नव्या वायरवर जातो. बहुतेक क्लॅम्पना ५ ते ६ न्यूटन मीटर एवढाच आवळ पुरतो. नेमका आकडा क्लॅम्पवर कोरलेला असतो. त्याहून जास्त आवळले तर पोस्टची बाहेरची नळी किंचित दबते, आतला दांडा तिच्यात घासू लागतो आणि सीट सावकाश वर येते. वायर बदलल्यावर सीट पूर्वीपेक्षा मंद वाटत असेल, तर वायरला हात लावण्यापूर्वी क्लॅम्प थोडा सैल करून पाहावा. पोस्ट फ्रेममध्ये घसरते म्हणून क्लॅम्प जास्त आवळला जात असेल, तर कार्बनच्या फ्रेममध्ये कार्बन पेस्ट, म्हणजे पकड वाढवणारा लेप, लावावी. धातूच्या फ्रेममध्ये पोस्टला ग्रीसचा पातळ हात हवा, नाहीतर दमट हवेत पोस्ट फ्रेममध्ये धरून बसते. ग्रीस लावल्यावर पोस्ट घसरत असेल तर तिथेही पेस्ट चालते.

पावसाळ्यातली काळजी

खारघरच्या टेकड्यांवरून किंवा येऊरहून चिखलात न्हाऊन आल्यावर सायकल धुवायलाच हवी. पण पाण्याचा फवारा लीव्हरवर, फ्रेमच्या वायर शिरते त्या तोंडावर आणि सीट क्लॅम्पवर थेट सोडू नये. बादली, मग आणि मऊ ब्रश यांनी तितकेच स्वच्छ होते. धुतल्यावर पोस्ट वर करून तिचा दांडा फडक्याने पुसावा. पाऊस सुरू असताना महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढून, सायकल काही वेळ उलटी धरून सीट ट्यूबमधले पाणी काढून टाकावे आणि बॉटम ब्रॅकेटखालचे भोक चिखलाने बुजले नाही ना ते पाहावे. त्याच वेळी तळाच्या कळीकडून आउटरचे तोंड फडक्यावर झटकून पाहिले, तर आत पाणी साचू लागले आहे की नाही हे तिथल्या तिथे कळते.

नवी वायर घातल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनी ताण पुन्हा एकदा थोडा सैल होतो. तो फिरकीनेच घ्यावा, स्क्रू उघडण्याची गरज नसते. फिरकी पूर्ण बाहेर येऊनही सैलपणा उरत असेल, तर इनरवर स्क्रूजवळ मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढच्या फेरीनंतर रेघ सरकलेली दिसली, तर इनर पकडीतून घसरते आहे आणि स्क्रूखालची वॉशर उलटी किंवा तिरपी बसली आहे. रेघ जागच्या जागी असेल, तर आउटरचे एखादे तोंड तिरपे कापले गेले आहे. त्या टोकाची टोपी काढून कानशीने ते पुन्हा सपाट करावे.